टीटीची सर्व्हिसिंग, साताऱ्यात: तीन महिने आणि तेहतीस हजार शंभर रुपये

गाडी घेतल्याचं सांगायचीच चोरी वाटत होती, म्हणून पहिले काही आठवडे ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ऑडी टीटी, २०१५ची, दोन दारांची, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. पुण्यातून सेकंडहँड घेतली, कर्ज काढून. हौस म्हणा, येडेपणा म्हणा. पण गाडी घेणं सोपं निघालं. अवघड होतं ते पुढचं: साताऱ्यात राहून असल्या गाडीची साधी नेहमीची सर्व्हिसिंग कुठे करायची, कोणाकडून करायची, आणि नेमकं काय काय करायचं. विचारायला माणूस सापडेना. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

माझं एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. लेथचं तेल, कूलंट, बेअरिंगचं ग्रीस या गोष्टी वेळच्या वेळी करायची सवय आहे. चारचाकीच्या बाबतीत मात्र माझी समज एवढीच होती की दहा हजार किलोमीटर झाले की तेल बदलायचं आणि धुऊन आणायची.

१७ नोव्हेंबर २०२४ला व्यवहार झाला. मीटरवर ५७,१०० किलोमीटर. आधी कागद. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, विमा, पीयूसी, आणि कर्ज असल्यामुळे बोजा चढवायला फॉर्म ३४. गाडी एमएच-१२, मी एमएच-११. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, नाव तेवढं बदलतं. विमा मात्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आरसीची वाट बघत बसलात आणि मधेच गाडी कुठे घासली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. माझं नवं आरसी पोस्टाने हातात पडलं ६ जानेवारीला. सात आठवडे.

त्या सात आठवड्यांत मी एक घाई केली. ८ डिसेंबरचा रविवार होता. म्हटलं, निदान तेल तरी बदलून घेऊ, म्हणून गावातल्या एका वॉशिंग-सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गेलो. रॅम्पवर चढतानाच पुढचा बंपर खरवडला. मग तिथल्या पोराने ट्रॉली जॅक सरकवला, दाराखालच्या पट्टीला लावला आणि दोन दणके दिले. ‘कट्’ असा आवाज. प्लास्टिकची पट्टी चार बोटं चिरली. जॅक लावायची जागा पट्टीच्या आत, चाकापासून वीतभर अंतरावर असते, हे मलाही माहीत नव्हतं, मग त्या पोराला काय बोलणार? तेवढ्यात दुसऱ्याने तेलाचा डबा आणला. १५डब्ल्यू-४०, डिझेलच्या गाड्यांचं. “सगळ्यात चालतंय साहेब.” मी गाडी तशीच खाली उतरवून घरी आणली. पट्टीला अजून तो चिरा आहे. मुद्दाम ठेवलाय असं नाही, सुटी पट्टी मिळत नाही आणि अख्खा सेट महाग आहे.

त्या रात्री पहिल्यांदा मॅन्युअल उघडलं. त्यात तेलाच्या कंपनीचं नाव महत्त्वाचं नव्हतंच, महत्त्वाचा होता एक आकडा: व्हीडब्ल्यू (म्हणजे फोक्सवॅगन, ऑडीची मूळ कंपनी) ५०२ ००, नाहीतर ५०४ ००. हा आकडा डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. ५डब्ल्यू-४० म्हणजे नुसता पातळ-जाडपणा. एकाच जाडीची दोन तेलं आत पूर्णपणे वेगळी असू शकतात. दुकानात जाताना मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दुकानदार वाद घालतो, फोटो घालत नाही.

९ जानेवारीला, गुरुवारी, पहाटे निघून खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याला गेलो. अधिकृत वर्कशॉप. चेसिस नंबर टाकला की गाडीचा सगळा इतिहास निघतो, पण तो मालकालाच दाखवतात, म्हणून नावावर झालेलं आरसी बरोबर हवंच. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सगळं वाचून दाखवलं. शेवटचं इंजिन ऑइल जून २०२३, ५४,६०० किलोमीटरला. ब्रेक फ्लुइड २०२१. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं, म्हणजे हाल्डेक्सचं तेल २०१९. स्पार्क प्लग आणि गिअरबॉक्सचं तेल कधीच नाही.

आधी मला हे कळेचना. जूननंतर गाडी चालली जेमतेम अडीच हजार किलोमीटर, मग तेल जुनं कसं? ती म्हणाली, “सर, किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते.” हे वाक्य आपण शंभरदा ऐकतो. पण हौसेच्या गाडीत कायम वर्षच आधी येतं, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. थंड इंजिन सुरू करायचं, पाच मिनिटं फिरवायचं आणि परत झाकून ठेवायचं, यात तेलात पाणी आणि पेट्रोल साठत जातं. ते उडून जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. गाडी कमी चालली म्हणजे तेल ताजं राहिलं, हा हिशेब उलटा आहे.

अंदाजपत्रक मिळालं ६८ हजारांचं. लेखी, ओळीओळीने. तिथल्या मजुरीचे आणि कंपनीच्या सुट्या भागांचे दर पाहता त्यात वावगं काही नव्हतं, पण कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. कागद घडी करून खिशात ठेवला आणि परत आलो. पुढे खरा उपयोग त्याच कागदाचा झाला. काय काय करायचं याची यादी कंपनीनेच लिहून दिली होती, त्यामुळे मला अंदाजाने काही ठरवायचं राहिलं नाही. घासाघीस करायची नसेल तरी असं अंदाजपत्रक एकदा घ्याच.

संक्रांतीला घरी सगळे जमले आणि तिळगुळाबरोबर माझ्या गाडीवरही तोंडसुख झालं. आमच्या दारात त्या दिवशी चार गाड्या, चार प्रकारच्या: दादाची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, चुलत्यांची सीएनजी वॅगन-आर, वहिनीची इलेक्ट्रिक आणि माझी ही. गप्पांत एकेकाचं दुखणं बाहेर आलं, आणि मला माझ्या गाडीपेक्षा त्या तिघींकडूनच जास्त कळलं.

दादाच्या डिझेलला स्पार्क प्लग नाहीतच. तिथे दाबानेच पेट होतो, थंडीत सुरू व्हायला ग्लो प्लग असतात तेवढे. त्याऐवजी डिझेल फिल्टर सांभाळायचा, त्यात साचलेलं पाणी काढायचं. त्याची गाडी घर ते दुकान, तीन किलोमीटर. त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या गाळणीचा, डीपीएफचा, दिवा लागलेला. ती काजळी जळायला आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती पोवई नाक्याच्या सिग्नलला कुठून येणार? काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, चक्र अर्धवट राहिलं की तेच डिझेल झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दादाच्या डिपस्टिकवर तेलाची पातळी चक्क वाढली होती. तो खूश होता, म्हणत होता, “तेल पीत नाही गाडी.” त्याला म्हटलं, वाढलेलं तेल हे कमी झालेल्या तेलापेक्षा वाईट. अशा डिझेलला जळल्यावर कमी राख सोडणारं तेल लागतं, आणि त्याचाही आकडा डब्यावर असतो.

चुलत्यांची सीएनजी खिशाला परवडणारी, बिनतक्रार. पण गॅस कोरडा आणि ठिणगीला चिवट, म्हणून तिचे प्लग लवकर झिजतात, एअर फिल्टर चोंदला तर पिकअप लगेच पडतो, आणि टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवावं लागतं कारण ती सुरू पेट्रोलवर होते. मुख्य म्हणजे सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी. दोनशे बारच्या दाबाने भरलेली टाकी आपण पाठीशी घेऊन फिरतो. चुलत्यांना तारीख विचारली तर म्हणाले, “प्लेटवर आसंल की.” प्लेटवर होतीच, मार्च महिन्याची.

वहिनीच्या इलेक्ट्रिकला इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, फिल्टर म्हणायचा तो एसीचा. तिचा समज होता की सर्व्हिसिंग म्हणजे धुणंच. पण ब्रेक फ्लुइड तिलाही बदलावं लागतं, बॅटरीच्या कूलंटची पातळी बघावी लागते, आणि वजन जास्त म्हणून टायर लवकर जातात. गंमत म्हणजे तिचे ब्रेक झिजण्याऐवजी गंजतात, कारण गाडी बहुतेक वेळा मोटरनेच थांबते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारायला तिला सांगितलंय. कोरेगावला शाळेत जाताना मारते म्हणाली, मागच्याने शिव्या दिल्या.

पेट्रोलचा विषय निघाल्यावर मी माझी काळजी बोलून दाखवली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. चुलते म्हणाले, “आपल्याच उसाचं हाय, आपल्या गाडीला बाधायचं न्हाय.” त्यांचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे त्यांच्याशी यावर वाद नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला त्रास देऊ शकतं, एवढं खरं. म्हणून टाकी महिनोन् महिने तशीच ठेवायची नाही आणि दर सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या हाताने चाचपून, वास घेऊन बघायच्या, हे मी यादीत लिहून टाकलं.

अण्णा मिस्त्री सापडले ते टायरवाल्यामुळे. वाढे फाट्याकडे त्यांची पत्र्याची शेड आहे, पाटी नाही. पूर्वी पुण्यात मोठ्या वर्कशॉपला होते, आता स्वतःचं. दारात स्कोडाच्या दोन ऑक्टाव्हिया आणि एक सुपर्ब उभी. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “सायेब, इंजिन आपल्या ऑक्टाव्हियाचंच हाय. कपडे येगळे घातल्यात.”

हे ऐकून माझी अर्धी धास्ती गेली. ते खरंही आहे. तिसऱ्या पिढीची टीटी आणि त्या काळातली ऑक्टाव्हिया फोक्सवॅगन समूहाच्या एकाच, एमक्यूबी नावाच्या सांगाड्यावर बनल्या, आणि २०१७ला भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये याच घराण्यातलं दोन लिटरचं, २३० अश्वशक्तीचं इंजिन होतं. तेलाचा फिल्टर, प्लग, गिअरबॉक्सचा फिल्टर या गोष्टींसाठी ‘स्पोर्ट्स कारचे पार्ट’ शोधत बसायची गरज नाही. तुमच्या गाडीचं इंजिन दुसऱ्या कुठल्या साध्या गाडीत आहे ते शोधा. त्या गाडीचा मिस्त्री तुमच्या गावात असण्याची शक्यता बरीच जास्त.

पार्ट मागवायचं काम अण्णांनी माझ्यावर सोडलं. “चेसिस नंबरावरून नंबर काढा, फोटू बघून घिऊ नका.” मी जानेवारीअखेर ऑनलाइन ऑर्डर दिली आणि तेलाच्या फिल्टरवर फसलो. बॉक्सवरची छपाई फिकट, रबराची रिंग नखाला कडक लागत होती. अण्णांनी शेडमधला जुना, काढलेला फिल्टर शेजारी ठेवला. आतल्या कागदाच्या घड्या मोजल्या तर नव्यात जवळजवळ निम्म्या. परत केला, दुसरीकडून मागवला. त्यात अकरा दिवस गेले.

अखेर १६ फेब्रुवारीचा रविवार ठरला, सकाळी सात वाजता. एवढ्या लवकर का, तर गिअरबॉक्ससाठी. या गाडीला सहा गिअरची, तेलात बुडालेल्या दोन क्लचची पेटी आहे आणि तिचं तेल साठ हजारांला बदलायचं असतं. माझे ५७ हजार झाले होते, पण दहा वर्षंही होत आली होती, म्हणून थांबलो नाही. या कामातली एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण अर्धवट माहितीचा मिस्त्री इथेच चुकतो. खालचा बोल्ट काढला की थोडंसं तेल येतं आणि थांबतं. पेटी रिकामी झाली असं वाटतं. पण त्या भोकाच्या आत एक प्लास्टिकची उभी नळी असते, पातळी ठरवणारी. ती ८ एमएमच्या ॲलन कीने काढली की मगच खरं तेल पडतं, आणि ते चांगलं चार-पाच लिटर असतं. माझ्याकडे अण्णांनी मोजपात्र लावलं होतं. किती काढलं आणि किती भरलं, दोन्ही आकडे त्यांनी भिंतीवर खडूने लिहिले. तुमच्याकडेही लिहून घ्या.

भरल्यावर इंजिन चालू ठेवून तेल ३५ ते ४५ अंशांच्या मधे असतानाच पातळी ठरवायची. दुपारच्या उन्हात हा टप्पा हातातून निसटतो. लॅपटॉपवर केबल जोडून तापमान दिसत होतं: २४, २७, ३१. मी वरून आकडा ओरडत होतो, अण्णा खाली. ३८ला त्यांनी बोल्ट सैल केला, जादा तेलाची धार आली, बारीक झाली, थेंबांवर आली, आणि त्यांनी बंद केलं. साताऱ्याच्या फेब्रुवारीतल्या थंडीचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

गाडी उचलायला त्यांच्याकडे दोन खांबांची लिफ्ट आहे, पण तिचे हात गाडीखाली जाईनात. आधी दोन-दोन इंच जाडीच्या फळ्यांवर चाकं चढवली, मग हात सरकवले, आणि चारही जागी रबराचे ठोकळे. या एका गोष्टीला वीस मिनिटं गेली. त्या चिरलेल्या पट्टीकडे बघून अण्णा काही बोलले नाहीत.

बाकीचं काम भराभर झालं. इंजिन ऑइल, फिल्टर, ड्रेनचा बोल्ट नवा, एअर फिल्टर, केबिन फिल्टर. प्लग थंड इंजिनवर काढले, नवे टॉर्क रेंचने बसवले. माझ्या शॉपमधला रेंच मी घेऊन गेलो होतो, तिथे तेवढीच माझी कामगिरी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात हवेच्या वाल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे काजळी बसते. अण्णांनी वायरवरचा कॅमेरा आत घालून दाखवली, काळा थर होता. साफ करून टाकू का, विचारलं, तर म्हणाले, “गाडी झटके देती का? न्हाय. मग आत्ता पैसे कशाला घालवताय.” त्यांनी हो म्हटलं असतं तर मी सात-आठ हजार डोळे झाकून दिले असते.

ब्रेक फ्लुइड चहाच्या रंगाचं निघालं. ते पाणी शोषतं, आणि पाणी शोषलं की लवकर उकळतं. डॉट-४चं नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत तग धरतं, ओलं झाल्यावर हीच मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. कास-यवतेश्वरचा घाटरस्ता ज्याच्या घरामागे आहे त्याने हे दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी कुठलीही असो.

हाल्डेक्सचं काम पुढच्या रविवारी, २३ तारखेला. तेल तर काळं होतंच, पण पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती क्लचच्या भुकटीने लिंपून गेली होती. नुसतं तेल बदलून ही जाळी राहते, आणि मग पंप जळतो. पंप काढायला लावा, जाळी धुवायला लावा, आणि समोर उभे राहा.

खर्च असा. इंजिन ऑइल सहा लिटर ५,४००. तेलाचा फिल्टर बोल्टासकट ९००, एअर फिल्टर १,८००, केबिन फिल्टर ९००. चार प्लग ४,४००. गिअरबॉक्सचं तेल ८,४००, त्याचा फिल्टर १,२००. हाल्डेक्सचं तेल १,८००, ब्रेक फ्लुइड ८००. मजुरी दोन्ही दिवसांची ७,५००. एकूण ३३,१००. अण्णा छापील बिल देत नाहीत, म्हणून मी स्वतः कागदावर तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक पार्टचा नंबर लिहिला, त्यांची सही घेतली, मीटरचा फोटो चिकटवला आणि पार्टच्या पावत्या जोडल्या. पुढे गाडी विकायची झाली तर अधिकृत नोंदीत या दोन वर्षांचा खंड दिसणारच, हा तोटा मी धरून चाललोय.

हातासरशी दोन सरकारी कामंही उरकली. पीयूसी संपत आली होती. बीएस-४ गाडीला ती वर्षभराची मिळते. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ऑनलाइन बुकिंग केलं तेव्हा मुदत ३१ मार्च होती म्हणून धावपळ केली. प्लेट बसवायला जाताना नवीन आरसीच न्या. मी जुन्याची झेरॉक्स नेली आणि एक फेरी वाया घालवली.

२६ फेब्रुवारीला महाशिवरात्रीची सुट्टी होती. दादाला म्हटलं, चल, तुझी काजळी जाळू आणि माझं तेल गरम करू. तो पुढे डिझेल घेऊन, मी मागे, हायवेने एकाच वेगात उंब्रजपर्यंत आणि परत. त्याचा दिवा परत येताना विझला. माझ्या गाडीत काहीच झालं नाही, गिअर पडताना पूर्वी पायाला जाणवायचा तो हलका धक्का तेवढा गेला. लगेच दादाने फोन करून अण्णांचा नंबर मागितला. त्याच्या इंजिन ऑइलसाठी.

पुढच्या आठवड्यात चुलत्यांच्या वॅगन-आरची हायड्रो टेस्ट. ती घेऊन जाणार मी, असं घरात परस्पर ठरलेलं आहे.